मालमोटारीतील युरिया-द्रावणाची शुद्धता

पावसाळा ओसरू लागला की पिंपळगाव बसवंतच्या बाजार-आवारात टोमॅटोच्या क्रेटांचे डोंगर उभे राहतात. लिलाव आटोपले की मालमोटारी भरल्या जातात आणि रात्रीच्या गारव्याचा लाभ घेत त्या आग्रा रस्त्याने उत्तरेच्या वाटेला लागतात. टोमॅटो हा वाट पाहणारा माल नव्हे. दिल्लीच्या बाजारात तो एक दिवस उशिरा पोहोचला तर भाव जातो; दोन दिवस उशिरा पोहोचला तर तळाच्या क्रेटांतून पाणी गळू लागते. द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागाईतदारांची गतही ह्याहून वेगळी नसते. अशी भरलेली गाडी शिरपूर ओलांडून बिजासनच्या घाटाला भिडावी आणि तेथेच तिची ओढ कमी व्हावी, हा प्रसंग अलीकडे वाहतूकदारांच्या बोलण्यात वारंवार येतो. इंजिनात दोष नसतो, डिझेलही भरपूर असते. समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागलेला असतो आणि गाडी चढ चढेनाशी होते. दोष असतो तो डिझेलच्या टाकीशेजारच्या लहान टाकीत, निळ्या झाकणाखाली असलेल्या द्रवात.

ह्या द्रवाला 'डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड' किंवा थोडक्यात 'डीईएफ' म्हणतात. 'अ‍ॅडब्लू' हे त्याचे एक व्यापारी नाव होय. ते इंधन नव्हे व तेलही नव्हे. वजनाने साडेबत्तीस टक्के अतिशुद्ध युरिया आणि साडेसदुसष्ट टक्के निःक्षार केलेले पाणी, एवढाच त्याचा घाट आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात नव्या मोटारींना 'भारत स्टेज ६' ही धुराची मर्यादा लागू झाली आणि तेव्हापासून विकल्या गेलेल्या बहुतेक मोठ्या मालमोटारींना हे द्रव लागते. त्यापूर्वीच्या 'भारत स्टेज ४'च्या काही गाड्यांतही ते वापरले जात असे. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांना त्याची गरज नाही. परंतु शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संघ व कित्येक बागाईतदार आता स्वतःच्या मालमोटारी बाळगू लागले आहेत आणि ज्यांच्याजवळ गाडी नाही त्यांचाही माल अशाच गाडीवर चढतो. तेव्हा ह्या द्रवाची निगा हा केवळ चालकाचा विषय आहे असे समजून चालणार नाही.

घोटाळ्याचे मूळ नावात आहे. चालक, मिस्त्री आणि पंपावरचा नोकर हे सारे ह्या द्रवाला सरसकट 'युरिया' म्हणतात. "युरिया संपला, टाकून घे", असे म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे आपल्या घरच्या वळचणीला ठेवलेली गोणी उभी राहते. युरिया तो युरियाच, पाण्यात विरघळविला म्हणजे झाले, असा सोपा हिशेब मनात येतो. रसायनाच्या नावापुरता तो खराही आहे. मालमोटारीच्या दृष्टीने मात्र तो फार महाग पडतो.

द्रव काय काम करते

डिझेल इंजिनात हवा व इंधन फार तापते, तेव्हा हवेतील नत्र आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन नत्राची ऑक्साइडे बनतात. ती छातीला अपायकारक आहेतच, परंतु शेतकऱ्यालाही त्यांची झळ लागते. ह्या वायूंपासून सूर्यप्रकाशात जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि गव्हासारख्या पिकाचे उत्पन्न त्यामुळे घटते असे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. ही ऑक्साइडे धुराच्या नळीतच नष्ट करावयाची, हे ह्या द्रवाचे काम.

लहान टाकीतील द्रव एक पंप ओढून घेतो, गाळणीतून ते पुढे जाते आणि एका बारीक तोटीतून तापलेल्या धुरात फवारले जाते. फवारणी-यंत्राच्या तोटीची ज्यांना सवय आहे त्यांना ही रचना लगेच कळेल. फरक इतकाच की येथील छिद्र फारच सूक्ष्म असते. धुराची उष्णता सुमारे २०० अंशांवर गेली की पाणी उडून जाते, युरियाचे विघटन होते व त्यातून अमोनिया निघतो. पुढे उत्प्रेरकाच्या जाळीदार विटेत हा अमोनिया नत्राच्या ऑक्साइडांशी संयोग पावतो आणि शेवटी नळीतून बाहेर पडतो तो निरुपद्रवी नत्रवायू व पाण्याची वाफ. शेतात ज्या नत्रासाठी आपण पैसे मोजतो तेच नत्र येथे मुद्दाम हवेत सोडले जाते, ही गोष्ट शेतीच्या माणसाला जरा चमत्कारिक वाटेल खरी.

हे काम नीट चालले आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी नळीत संवेदक बसविलेला असतो. द्रव संपले, पातळ झाले किंवा अशुद्ध आले की तो इंजिनाच्या नियंत्रकाला कळवितो. आपले 'भारत स्टेज ६' ज्या युरोपीय नियमांच्या धर्तीवर बेतलेले आहे त्यांत अशा वेळी प्रथम चालकाला सूचना, नंतर इंजिनाच्या ओढीत २५ टक्क्यांची कपात आणि तरीही दुरुस्ती न झाल्यास ताशी २० किलोमीटरवर गाडीला वेसण, असा क्रम ठरविलेला आहे. घाटात गाडी ओढेनाशी होते ती ह्यामुळे. बिघाड म्हणून नव्हे तर नियम म्हणूनच ती मंदावते, त्यामुळे कितीही कुशल मिस्त्री असला तरी मूळ दोष काढल्यावाचून तिला पूर्वीची ओढ येत नाही.

शेतीचा युरिया का चालत नाही

शेतीच्या युरियात काही खोट आहे असे नव्हे. ज्या कामासाठी तो बनविला आहे ते काम तो उत्तम करतो. परंतु जमिनीला ज्या गोष्टी बाधत नाहीत, किंबहुना ज्या मुद्दाम घातलेल्या असतात, त्याच येथे नडतात.

पहिली गोष्ट कडूनिंबाची. २०१५ सालापासून आपल्या देशातील शेतीच्या सर्व युरियावर निंबोळी तेलाचा लेप देणे बंधनकारक झाले. ह्या तेलाचे प्रमाण वजनाने किमान ०.०३५ टक्के असावे लागते. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत निदान पंधरा-सोळा ग्रॅम तेल आले. जमिनीत हे तेल नत्राचे रूपांतर मंद करते व पिकाला ते पुरवून पुरवून मिळते. पाण्यात मात्र ते विरघळत नाही. गाळणीच्या कागदावर त्याचा चिकट थर बसतो आणि पुढे तोटी व उत्प्रेरक यांवर त्याची काजळी धरते.

दुसरी गोष्ट बायुरेटाची. नागपूर-अमरावतीकडील संत्रा-बागाईतदारांना हे नाव अपरिचित नाही. युरियाची फवारणी केल्यावर पानांचे शेंडे पिवळे पडतात ते ह्याच द्रव्याने. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शेतीच्या युरियात बायुरेट दीड टक्क्यापर्यंत चालते. मालमोटारीच्या द्रावणात ते ०.३ टक्क्याहून अधिक असता कामा नये. दीड टक्का बायुरेट असलेल्या युरियाचे साडेबत्तीस टक्क्यांचे द्रावण केले तर त्यात अदमासे ०.४९ टक्के बायुरेट उतरते, म्हणजे मर्यादेच्या दीडपटीहून जास्त. हे जास्तीचे द्रव्य धुराच्या नळीत पूर्णपणे जळत नाही. त्याचे पांढरे, दगडासारखे थर तोटीच्या तोंडाशी साचत जातात आणि अखेर नळीच अरुंद होते.

ह्याशिवाय दाणे फुटू नयेत व गोणीत त्यांचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून युरियाला फॉर्मल्डिहाइडयुक्त द्रव्याचा संस्कार करतात. धूळ, गोणीचे तंतू आणि दुकानात शेजारी ठेवलेल्या इतर खतांचे कण हे निराळेच. ह्यांपैकी फॉस्फेट, सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम ही उत्प्रेरकाला विषासारखी आहेत. 'आयएसओ २२२४१' ह्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात ह्या चारही द्रव्यांची कमाल मर्यादा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम एवढीच आहे. तांब्याची व जस्ताची तर ०.२ मिलिग्रॅम. सुफला किंवा सुपर फॉस्फेट ज्या घमेल्यात कालविले त्यातच युरिया विरघळविणाऱ्याने ह्या आकड्यांकडे एकदा पाहावे. गाळणी बदलता येते, तोटी साफ करता येते; विष भिनलेला उत्प्रेरक मात्र बहुधा बदलावाच लागतो आणि ह्या सर्व संचात तोच भाग सर्वांत महाग असतो.

येथे एक भ्रम दूर करणे जरूर आहे. द्राक्षबागाईतदारांजवळ गोडी मोजण्याचे ब्रिक्स-मापक असते. त्याच जातीचे उपकरण, फक्त निराळ्या मोजपट्टीचे, ह्या द्रावणाची तीव्रता मोजण्यासाठी वापरतात. योग्य तीव्रतेचे द्रावण द्राक्षाच्या मापकावर अदमासे ३० ते ३२ च्या दरम्यान दिसते. तेव्हा ढोबळ परीक्षेला घरचे मापकही उपयोगी पडेल. कोणी पाणी घालून द्रव वाढविले असेल तर ते ह्यात चटकन पकडले जाते. परंतु शेतीच्या गोणीतील युरिया मापून, निम्म्याहून अधिक शहाणपणा दाखवून, बरोबर साडेबत्तीस टक्के विरघळविला तर मापक त्यालाही उत्तीर्ण करील. मापकाला तीव्रता कळते, शुद्धता कळत नाही. गावोगाव तयार होणाऱ्या द्रावणाचे विक्रेते गिऱ्हाइकापुढे हेच मापक धरतात आणि गिऱ्हाईक समाधानाने परत जाते.

गोणीचा हिशेब

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू कृषिखात्याच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीचा दर, लेपनाचा खर्च व कर वगळून, २४२ रुपये ठेवण्याचा निर्णय केंद्र शासनाने जून २०२३ मध्ये पुन्हा मंजूर केला, तेव्हा त्याच गोणीची खरी किंमत सुमारे २,२०० रुपये असल्याचे सांगण्यात आले होते. मधली सर्व रक्कम शासन सोसते आणि ती पिकासाठी सोसते. एका गोणीपासून अदमासे १२७ लिटर द्रावण होते. एवढा स्वस्त कच्चा माल समोर असता लोभ सुटावा हे स्वाभाविक आहे, परंतु त्यामुळे ते क्षम्य ठरत नाही.

खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये केंद्र शासनाच्या परवानगीवाचून खताची विक्री अगर वापर पिकाखेरीज अन्य कामासाठी करता येत नाही. हा आदेश अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली काढलेला असल्याने उल्लंघनाबद्दल कारावासाची शिक्षा आहे. मे २०२३ मध्ये केंद्राच्या खत विभागाने जी माहिती प्रसिद्ध केली तिच्यानुसार फिरत्या पथकांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत ३७० हून अधिक अचानक तपासण्या केल्या आणि संशयित युरियाच्या सुमारे ७०,००० गोण्या ताब्यात घेतल्या. हा सारा माल मालमोटारीच्या द्रावणाकडेच चालला होता असे नव्हे; प्लायवूडच्या गोंदापासून इतर अनेक धंद्यांत चोरटा युरिया खपतो. पण कारण काहीही असो, गोणी गेली ती पिकाच्या तोंडची. बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी सुमारे ४८ किलो. एका गोणीत २०.७ किलो नत्र असते. जुलै-ऑगस्टात युरियासाठी दुकानासमोर रांगा लागतात त्या वेळी आपल्या नावावर चार गोण्या उचलून त्या दुसऱ्याच्या हवाली करणारा शेतकरी शेजाऱ्याच्या जवळजवळ दोन एकर गव्हाचे नत्र विकून बसतो. ठसा उमटविण्याच्या यंत्रावर आधार क्रमांक त्याचाच नोंदलेला असल्यामुळे चौकशी आली तर ती प्रथम त्याच्याच दाराशी येते, हेही त्याने ध्यानात घ्यावे.

द्रावण बनविणाऱ्या कारखान्यांसाठी तांत्रिक प्रतीचा, लेपरहित व अनुदानरहित युरिया वेगळा मिळतो. चांगले द्रावण महाग का असते ह्याचे उत्तर त्यातच आहे.

पाणी व भांडी

कोणी म्हणेल, युरिया विकतचा तांत्रिक प्रतीचा आणतो, पाणी तेवढे विहिरीचे घेतो. ह्याचाही हिशेब करून पाहावा. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरीच्या एक लिटर पाण्यात १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असणे नवलाचे नाही. असे पाणी आपण पितो व ते गोडही लागते. द्रावणात कॅल्शियमची मर्यादा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. २०० लिटरच्या पिंपातील द्रावणाचे वजन अदमासे २१८ किलो भरते, म्हणजे संपूर्ण पिंपाला १०९ मिलिग्रॅम कॅल्शियमची मुभा आहे. ते द्रावण मुळात अगदी निर्मळ धरले तरी त्यात विहिरीचे एक लिटर पाणी पडताच सबंध पिंप नापास होते. एक तांब्या पाण्याची ही करामत! भांडे विसळले आणि तळाशी थोडे पाणी राहिले, पावसात झाकण उघडे राहिले, कमी पडले म्हणून बाटलीतले पाणी ओतले, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी एवढे नुकसान होते. पिण्याच्या पाण्याचे घरगुती शुद्धीकरण-यंत्रही येथे पुरे पडत नाही.

भांड्यांच्या बाबतीत घरोघरच्या सवयी आड येतात. हे द्रव तांबे, पितळ, जस्त, ॲल्युमिनियम व साधे लोखंड यांना खाते आणि त्यांचा अंश स्वतःत घेते. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे नरसाळे, पितळी तोटी, दुधाचा ॲल्युमिनियमचा कॅन आणि लोखंडी पिंप ही सर्व वर्ज्य समजावीत. जाड, चांगल्या प्रतीचे प्लॅस्टिक अथवा उत्तम स्टेनलेस स्टील एवढीच भांडी चालतात. कीटकनाशकाचा डबा कितीही वेळा धुतला तरी ह्या कामी घेऊ नये. नरसाळे, नळी व माप ह्यांचा संच ह्या द्रवासाठी निराळा करून तो झाकून ठेवावा. डिझेलला लावलेले नरसाळे ह्याला लावू नये. वापरण्यापूर्वी संच धुवावयाचा झाल्यास निःक्षार पाण्याने धुवावा, आणि सर्वांत शेवटी थोड्या ताज्या द्रवाने विसळून ते विसळण फेकून द्यावे.

उन्हाळा

थंडीची आपल्याकडे चिंता नाही. उणे ११ अंशांना हे द्रव गोठते, परंतु वितळल्यावर त्याचा गुण तसाच राहतो. काश्मीरकडे जाणाऱ्या गाड्यांनी टाकी काठोकाठ भरू नये, एवढी सूचना पुरेशी आहे.

उष्णता हा खरा शत्रू आहे. साठवणुकीची जागा २५ अंशांपर्यंत थंड असेल तर द्रव १८ महिने टिकते. ३० अंशांपर्यंत १२ महिने. ३५ अंशांपर्यंत अवघे ६ महिने. त्यापुढे मुदतीचा भरवसा धरता येत नाही, प्रत्येक वेळी परीक्षा करावी लागते. जळगाव, अकोला, नागपूर येथे वैशाखात पारा ४५ अंशांकडे जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहूनही चढतो. मार्चमध्ये एकदम पन्नास बादल्या स्वस्त मिळाल्या म्हणून घेऊन त्या पत्र्याखाली रचल्या तर पावसाळ्याच्या तोंडी त्यांतील युरियाचा काही भाग अमोनिया होऊन गेलेला असतो. झाकण उघडताच नाकाला झोंबणारा वास आला तर तसे घडले असे समजावे. मंद वास ताज्या द्रवालाही असतो, त्याने घाबरू नये.

कांद्याची चाळ बांधताना वाऱ्याची दिशा, सावली व जमिनीची ओल यांचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याला ह्या बाबतीत नवे शिकविण्यासारखे काही नाही. उत्तरेकडील भिंतीलगतची, कौलारू छपराची, ऊन न येणारी खोली पसंत करावी. बादल्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात. खते, औषधे व डिझेल ह्यांच्यापासून त्या दूर असाव्यात. आधी आलेली बादली आधी वापरावी आणि दीड-दोन महिन्यांच्या गरजेपेक्षा जास्त साठा करू नये. गरजेचा अंदाज काढणे सोपे आहे. डिझेलच्या साधारण ४ ते ५ टक्के हे द्रव खर्च होते. लिटरमागे ४ किलोमीटर चालणारी गाडी हजार किलोमीटर गेली तर २५० लिटर डिझेल व १० ते १२ लिटर द्रव लागेल. ह्यापेक्षा खर्च एकाएकी बराच कमी झाला तर आनंद मानू नये. तोटी तुंबत आल्याचे ते लक्षण असू शकते.

खरेदी करताना

मोहोरबंद बादली घ्यावी. तिच्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादनाची तारीख, गट क्रमांक आणि 'आयएसओ २२२४१' हा उल्लेख असावा. पंपावरील यंत्रातून घ्यावयाचे झाल्यास विक्री बरी असणारा पंप निवडावा, म्हणजे द्रव शिळे नसते. चांगले द्रव पाण्यासारखे रंगहीन व पारदर्शक असते. निळे झाकण व निळी बादली पाहून पुष्कळांची समजूत होते की द्रवही निळे असावयास हवे, तसे नाही. स्वच्छ काचेच्या पेल्यात ते उन्हासमोर धरावे. पिवळसर झाक, गढूळपणा, तळाशी कण अथवा पृष्ठभागावर तेलाची तवंग दिसली तर ते टाकीत घालू नये. निंबोळीचा वास तर शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. मात्र कोळशातून गाळून रंग व वास काढून टाकणारेही आहेत, तेव्हा डोळा व नाक यांनी पास केलेला माल शुद्धच असेल असे नव्हे. संशय असल्यास पावती व मोहोरबंद नमुना जपून ठेवावा व प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

रिकाम्या बादलीविषयी थोडे सांगणे भाग आहे. ती मजबूत असते, झाकण घट्ट बसते, म्हणून घरात ती हवीहवीशी वाटते. घरात राहिली तर हरकत नाही. परंतु भंगारवाल्याकडे गेलेली चांगल्या छापाची बादली नकली द्रव भरून पुन्हा बाजारात येते. विकावयाची असल्यास तिला तळाशी भोक पाडावे व कागद फाडून टाकावा.

चूक झाल्यास

रात्रीच्या घाईत डिझेल निळ्या झाकणाच्या टाकीत किंवा हे द्रव डिझेलच्या टाकीत पडण्याचे प्रकार होतात. पंपावरील द्रवाची तोटी १९ मिलिमीटरची, डिझेलच्या तोटीहून बारीक, मुद्दाम ठेवलेली आहे. बादली व नरसाळे वापरणाऱ्याला मात्र हे संरक्षण मिळत नाही. असे काही घडले तर पहिला नियम एकच: किल्ली फिरवू नये. इंजिन सुरू झाले की पंप ते द्रव पुढे नेतो आणि टाकी धुवून भागणारे काम शेकडो पटींनी वाढते. टाकी पूर्ण रिकामी करावी, निःक्षार पाण्याने धुवावी, गाळणी बदलावी व मगच ताजे द्रव भरावे. खराब द्रव भरल्याची शंका आली तरीही हाच उपाय. वरून चांगले द्रव ओतून वाईट पातळ करू पाहणे हा तोडगा नव्हे.

झाकणाभोवती पांढरे स्फटिक जमलेले दिसतात. ते उडून गेलेल्या थेंबांतील युरियाचे असतात व त्यांत काही वावगे नाही. ओल्या स्वच्छ फडक्याने ते पुसावेत. खरवडून परत टाकीत घालू नयेत.

काही गॅरेजांत ह्या सर्व कटकटीवर एक 'कायमचा इलाज' सुचविला जातो. संवेदकाला फसविणारी एक लहानशी डबी तारांत बसवून देतात; मग द्रव नसतानाही गाडी धावते व दिवा लागत नाही. हा इलाज बेकायदेशीर आहे. शिवाय गाडीतील खरा दोषही त्या डबीआड झाकला जातो आणि तो कळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. ज्या संघाच्या गाड्या शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून घेतल्या आहेत त्यांच्या व्यवस्थापकाने तरी असे काम करू देऊ नये.

मुदत संपलेल्या, परंतु मोहोर न फुटलेल्या बादलीचे काय करावे असा प्रश्न येतो. ती विहिरीजवळ अगर नाल्यात ओतू नये. २० लिटरच्या बादलीत अदमासे ७ किलो युरिया असतो. उसाच्या पाचटाचे खत करताना टनामागे ८ किलो युरिया घालण्याची शिफारस आहे. तेव्हा अशी एक बादली भरपूर पाण्यात मिसळून सुमारे एक टन पाचटावर सारखी शिंपडावी. गाडीच्या टाकीतून काढलेले द्रव मात्र ह्या कामीही घेऊ नये, कारण त्यात डिझेल मिसळलेले असण्याचा संभव असतो. ते वेगळ्या डब्यात साठवून, गाडीचे जुने तेल ज्यांच्याकडे देतात त्या अधिकृत गोळा करणाऱ्याच्या स्वाधीन करावे.